हातघडणीच्या मोटारी आणि त्यांचे चाहते



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे हा विषय वाचून काहींना छापखान्याने घोटाळा केला असे वाटले असेल. ज्या माणसाने तीस-बत्तीस वर्षे कामगार चळवळीत काढली, त्याने बोनसवर बोलावे, कंत्राटी कामगारांवर बोलावे. इंग्लंडातील शौकीन मंडळींच्या दोन आसनी मोटारींशी त्याचे नाते काय? शंका रास्त आहे. आम्ही स्वतः सायकल आणि एस. टी. यांपलीकडे फारसे गेलो नाही. आमच्या दारात मोटार कधी उभी राहिली नाही आणि राहील असे वाटतही नाही. तरी हा विषय आम्ही मागून घेतला. त्याचे कारण शेवटी सांगू. आधी विषय समजून घेऊ.

प्रश्न थोडक्यात असा. आज पैसे टाकले की बाजारात उत्तम मोटार मिळते. ती गार हवा देते, गाणी ऐकवते, रस्ता सांगते, पावसाचा थेंब आत येऊ देत नाही. तरीही जगात अशी हजारो माणसे आहेत, की जी तेवढेच किंवा त्याहून जास्त पैसे मोजून उघडी, कडक, वारा अंगावर घेणारी, १९३६ सालच्या घाटाची मोटार घेतात; आणि तिच्यासाठी महिनोन् महिने, एके काळी तर वर्षानुवर्षे, थांबून राहिलेली आहेत. या माणसांना हवे तरी काय असते?

अशा मोटारी करणारे कारखाने इंग्लंडात एकापेक्षा अधिक झाले. परंतु विषय हवेत राहू नये म्हणून आपण मुख्यतः एकच घेऊ. त्याचे नाव मॉर्गन.

इंग्लंडच्या पश्चिमेस वूस्टरशर परगण्यात मॉल्व्हर्नच्या टेकड्या आहेत. त्यांच्या पायथ्याशी मॉल्व्हर्न लिंक हे गाव. तेथे हेन्री फ्रेडरिक स्टॅन्ली मॉर्गन या तरुणाने एक गॅरेज काढले होते. बाप धर्मोपदेशक, मुलगा स्विंडनच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी करून आलेला. त्याने १९०९ साली स्वतःसाठी एक तीन चाकी गाडी बनविली. पुढे दोन चाके, मागे एक. १९१० साली ती लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात मांडली आणि धंदा सुरू झाला. तीन चाकी गाडीवर मोटारसायकलीइतकाच कर पडे, म्हणून बेताच्या मिळकतीच्या माणसाला ती परवडे. हे ध्यानात ठेवावे, कारण आज ज्या मोटारीला आपण श्रीमंतांचा शौक म्हणतो तिचे मूळ गरजूंच्या गाडीत आहे. पुढे स्वस्त चार चाकी मोटारी निघाल्या, तीन चाकीचे गिऱ्हाईक आटले आणि १९३६ साली मॉर्गनने चार चाकांची, चार सिलिंडरांची मोटार विक्रीस काढली. तिचे नावच 'फोर-फोर'. लांब बॉनेट, पसरते मडगार्ड, बुटकी काच आणि जमिनीला टेकल्यासारखी बसण्याची जागा. हा घाट तेव्हा पडला तो आजतागायत ओळखू येईल असा टिकला आहे.

आता ही मोटार घडते कशी ते पाहू, कारण चाहत्यांच्या प्रेमाचे निम्मे उत्तर तेथे आहे.

मोटारीचे तीन थर कल्पावेत. सर्वांत खाली चेसिस. ती धातूची असते. मॉर्गनची चेसिसही लाकडी असते अशी एक समजूत सर्वत्र पसरली आहे, ती खोटी आहे. चेसिसवर दुसरा थर म्हणजे लाकडी सांगाडा, आणि त्या सांगाड्यावर तिसरा थर पत्र्याचा. लाकूड ॲश नावाच्या झाडाचे. ते चिवट आणि लवचिक असते, म्हणून इंग्लंडात गाड्यांचे सांगाडे आणि हत्यारांचे दांडे त्याचे करीत. क्रिकेटच्या यष्ट्याही परंपरेने त्याच लाकडाच्या. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाला जशी बाभूळ, तसा तेथे ॲश. मागच्या चाकावरची कमान करायची तर लाकडाच्या तीन पातळ पट्ट्यांना सरस लावून त्या एकावर एक ठेवतात, वळणदार साच्यात शिकंज्यांनी आवळतात आणि सरस धरेपर्यंत तशाच राहू देतात. मग सुतार ती कमान रंध्याने, कानशीने मारून आपल्या जागी बसवितो. एका मोटारीची कमान दुसरीला तंतोतंत लागू होईलच असे नाही.

पत्र्याचेही तेच. बॉनेटचा पत्रा त्या त्या मोटारीवर ठेवून, आखून, कापून, वाकवून बसविला जातो. हवा खेळण्यासाठी बॉनेटवर ज्या फटींच्या ओळी असतात, त्या एकेक करून पाडल्या जातात. शेडमागून शेड अशी कारखान्याची मांडणी, जमीन उताराची. मोटार चाकांवर उभी राहिली की माणसे ती हाताने ढकलीत सुतारांकडून पत्रेवाल्यांकडे, पत्रेवाल्यांकडून रंगाऱ्यांकडे, रंगाऱ्यांकडून कातडेकाम करणाऱ्यांकडे नेत आली. सरकता पट्टा तेथे नाही.

याच्या शेजारी दुसरे एक चित्र ठेवू. मॉर्गनने धंदा सुरू केल्यावर तीनच वर्षांनी, १९१३ साली, अमेरिकेत हायलंड पार्क येथे हेन्री फोर्डने चेसिस जुळविण्याचा सरकता पट्टा चालू केला. ज्या जुळणीला साडेबारा तास लागत ती दीड तासाच्या घरात आली. मोटार स्वस्त झाली, साधा माणूस मोटारीत बसला. हे उपकार आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याच १९१३ साली फोर्डच्या कारखान्यात शंभर जागा भरलेल्या ठेवण्यासाठी वर्षभरात सुमारे ३७० माणसे नेमावी लागत. माणसे येत, काही दिवस तोच नट तसाच फिरवीत आणि निघून जात. म्हणून जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने आठ तासांना पाच डॉलर देऊ केले. कामगार चळवळीच्या पुस्तकांत हे पाच डॉलर मोठ्या अक्षरांत असतात. मात्र तो पगार कशाबद्दल होता, हा प्रश्न आम्ही पुष्कळ उशिरा विचारला.

आता गिऱ्हाइकाकडे वळू. हातघडणीची मोटार घेणाऱ्यांची कारणे ऐकली, वाचली, तर ती साधारण पाच प्रकारांत बसतात.

पहिले कारण चालविण्याचे. ही मोटार हलकी असते. १९६८ साली मॉर्गनने 'प्लस एट' काढली. तिच्यात साडेतीन लिटरचे, आठ सिलिंडरांचे रोव्हर कंपनीचे इंजिन होते आणि मोटारीचे वजन अवघे ९०० किलोंच्या आसपास. आपल्याकडची अँबॅसडर, तिच्या मानाने कितीतरी लहान इंजिनाची, अकराशे किलोंच्या घरात जाई. हलक्या मोटारीला वेग घ्यायला, वळायला, थांबायला कष्ट पडत नाहीत. शिवाय बसणारा जमिनीपासून वीतभर उंचीवर. रस्ता त्याला कमरेत आणि हातात कळतो. जुन्या मॉर्गनचे पुढचे निलंबन एका उभ्या दांड्यावर वरखाली सरकणारे, १९१० सालच्या कल्पनेचे आणि चांगलेच कडक. चाहते स्वतःच विनोद करतात, की नाण्यावरून चाक गेले तर छापा होता की काटा ते सांगता येते. आरामशीर मोटारीत माणूस प्रवासी असतो. या मोटारीत त्याला स्वतः काहीतरी करावे लागते, चूक केली तर ती चूक लगेच जाणवते. हौशी माणसाला नेमके तेच हवे असते. आणि ही नुसती बढाई नव्हे. १९६२ साली फ्रान्समधील ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत एका मॉर्गनने दोन लिटरच्या गटात पहिला क्रमांक घेतला. ती मोटार शर्यतीला रस्त्याने चालवीत नेली होती आणि शर्यत संपल्यावर रस्त्यानेच घरी आणली.

दुसरे कारण दुरुस्तीचे. तीन थर वेगळे असल्याने काय बिघडले ते डोळ्याला दिसते आणि हाताला पोचते. सांगाड्यात पाणी मुरून लाकूड कुजले, तर तेवढे लाकूड बदलता येते. पत्रा चेपला तर तेवढा पत्रा. म्हणून साठ-सत्तर वर्षांच्या मोटारी आजही रस्त्यावर आहेत. हीच गोष्ट आणखी पुढे नेली ती लोटस सेव्हन या मोटारीने. ही मोटार १९५७ साली निघाली. तयार मोटारीवर इंग्लंडात विक्रीकर होता, सुट्या भागांवर तो नव्हता. म्हणून ती सुट्या भागांत विकत. घेणारा घरच्या पडवीत आपल्या हाताने ती जुळवी. १९७३ साली तो कर गेला, त्याच साली ती मोटार करण्याचे हक्क केटरहॅम या दुसऱ्या कंपनीकडे गेले. पण कर गेल्यावरही घरी जुळविण्याची हौस गेली नाही. पैसा वाचविण्यासाठी सुरू झालेले काम लोक पुढे आनंदासाठी करीत राहिले.

तिसरे कारण ओळखीचे. मोटार मागविणारा रंग सांगतो, कातडे निवडतो. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो कारखान्यात जाऊन आपली मोटार घडताना पाहू शकतो. मॉर्गनचे दार पाहुण्यांना उघडे आहे. ज्या सुताराने कमान बसविली त्याच्याशी दोन शब्द बोलून माणूस घरी येतो. आपल्यापैकी ज्यांनी स्वतः उभे राहून सुताराकडून देव्हारा किंवा पाळणा करवून घेतला असेल, त्यांना यात काय गोडी आहे ते सांगायला नको.

चौथे कारण टिकाऊपणाचे; लाकडाच्या नव्हे, रूपाच्या. दरवर्षी नवा नमुना काढून जुन्याला जुनाट ठरविणे हा आजच्या धंद्याचा गाभा आहे. मॉर्गनने एकदा तसा प्रयत्न करून पाहिला. १९६० नंतरच्या त्या वर्षांत 'प्लस फोर प्लस' नावाची, फायबरग्लासच्या अंगाची, बंद छपराची आधुनिक मोटार काढली. ती अवघ्या २६ बनल्या आणि बंद झाली. गिऱ्हाइकांना जुनीच हवी होती. आपण घेतलेली वस्तू पुढच्या वर्षी शिळी होणार नाही, हा भरवसा पैशाने सहज मिळत नाही. म्हणूनच या मोटारींना जुन्या बाजारातही मोल राहते.

पाचवे कारण संगतीचे. मॉर्गनवाल्यांचा क्लब १९५१ सालचा आहे. तीन चाकीवाल्यांचा त्याहूनही आधीचा. समोरून तशीच मोटार आली की अनोळखी माणूसही हात वर करतो. एकाला मिळेनासा झालेला भाग दुसऱ्याच्या माळ्यावर सापडतो. क्लबची वही, सहली, भांडणे, सारे आमच्या युनियनच्या शाखेसारखेच वाटते.

परंतु एकच बाजू सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आक्षेप तीन आहेत आणि तिन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप: हा सारा श्रीमंतांचा खेळ आहे. खरे आहे. आज अशी मोटार घेणारा माणूस सुस्थितीतलाच असतो. ही व्यथा नवी नाही. एकोणिसाव्या शतकात विल्यम मॉरिस नावाचा थोर कारागीर आणि समाजवादी इंग्लंडात होऊन गेला. त्याने हाताने छापलेली कापडे, भिंतीचे कागद, विणलेले पडदे केले. कामाचा आनंद हा प्रत्येक कामगाराचा हक्क आहे असे तो सांगे. आणि आपला माल घेणारे मात्र धनिकच आहेत, याचे त्याला मरेपर्यंत शल्य राहिले. गंमत अशी, की त्याच नावाचा दुसरा विल्यम मॉरिस पुढे ऑक्सफर्डला झाला. त्याने सायकल दुरुस्तीपासून सुरुवात करून इंग्लंडातील मोटारींचा सर्वांत मोठा कारखाना उभा केला. आपल्या अँबॅसडरचा मूळ नमुना त्याच्याच नावाच्या 'मॉरिस ऑक्सफर्ड'चा. एक मॉरिस म्हणे काम सुंदर हवे, दुसरा मॉरिस म्हणे वस्तू स्वस्त हवी. दोघांपैकी कोणालाही खोटे ठरविता येत नाही, आणि आपल्यापुढील अडचण तीच आहे.

दुसरा आक्षेप: 'हातघडण' हा शब्द पुरता खरा नाही. हाही मान्य. मॉर्गनने इंजिन नेहमी बाहेरून घेतले. कधी फोर्डचे, कधी ट्रायम्फचे, कधी रोव्हरचे, आता बी. एम. डब्ल्यू.चे. ही इंजिने प्रचंड कारखान्यांत, पट्ट्यांवर बनतात. म्हणजे हातघडणीच्या या मोटारीचे काळीज साखळीवरच्या कामगाराने केलेले असते. पुढची मडगार्डेही अलीकडे ॲल्युमिनिअमचा पत्रा तापवून, हवेच्या दाबाने साच्यावर बसवून केली जातात. २०२० साली जुन्या पद्धतीची पोलादी चेसिस बंद झाली आणि चिकटवून जोडलेली ॲल्युमिनिअमची आली. लाकडी सांगाडा मात्र राहिला. आम्हाला यात लबाडी दिसत नाही. यंत्राला कोठे बोलवावे आणि हाताला कोठे ठेवावे, एवढा निवाडा त्यांनी केला. यंत्राशी आमचे वैर नाही. पाठ मोडणारे काम यंत्राने केले तर आम्ही त्याला हार घालू.

तिसरा आक्षेप: हा निव्वळ गतकाळाचा उमाळा आहे; इंग्रजांना साम्राज्य गेल्याचे दुःख आहे आणि ते मोटारीत बसून गाळतात. काही चाहत्यांच्या बाबतीत हे असेलही. पण मग अमेरिकेतील चाहत्यांचे काय? तेथे धुराचे आणि सुरक्षिततेचे नियम कडक झाले तेव्हा मॉर्गन तशीच विकणे अशक्य झाले. तर तिकडच्या एका विक्रेत्याने इंजिने प्रोपेन वायूवर चालतील अशी करून घेतली आणि मोटारी विकल्या. इतका खटाटोप केवळ साम्राज्याच्या आठवणीसाठी कोणी करीत नाही.

याहून बोलका दाखला दुसऱ्या एका मोटारीचा आहे. एम. जी. ही मॉरिसच्याच घराण्यातली. नावाचा अर्थच 'मॉरिस गॅरेजेस'. ती १९२९ पासून ॲबिंग्डन गावी बनू लागली. ती मॉर्गनइतकी हातघडणीची नव्हे, तिची एम. जी. बी. ही एकच जात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक निघाली. तरी ॲबिंग्डनची माणसे आपल्या कामाचा अभिमान बाळगणारी होती आणि संपांनी गाजलेल्या त्या काळातही तेथे शांतता असे. मालक होती ब्रिटिश लेलँड. १९७५ पासून ती सरकारच्या ताब्यात. सप्टेंबर १९७९ मध्ये कंपनीने ॲबिंग्डन बंद करण्याचे जाहीर केले. तेव्हा एम. जी.च्या मालकांनी आपापल्या मोटारी घेऊन लंडनमध्ये मोर्चा काढला. कारखाना वाचावा म्हणून कामगारांनी काढलेले मोर्चे आम्ही शेकड्यांनी पाहिले आहेत, काढलेही आहेत. गिऱ्हाइकांनी काढलेला मोर्चा आम्हाला दुसरा माहीत नाही. कारखाना वाचला नाही. ऑक्टोबर १९८० मध्ये तो बंद पडला. एम. जी. हे नाव तेवढे हिंडत राहिले. ते एका चिनी कंपनीकडे गेले आणि २०१९ पासून गुजरातेत हालोल येथे बनणाऱ्या मोटारींवर लागते. त्याआधी २००८ साली आपल्या टाटा मोटर्सनेही जॅग्वार आणि लँड रोव्हर ही दोन नावे कारखान्यांसकट विकत घेतली. नावाला आणि नकाशाला किंमत येते, त्याची खरेदी-विक्री होते. ॲबिंग्डनच्या माणसांच्या हातातले कसब मात्र कोणाच्या यादीत आले नाही.

मॉर्गन का टिकली? १९९० साली बी. बी. सी.च्या 'ट्रबलशूटर' या मालिकेसाठी सर जॉन हार्वी-जोन्स तेथे गेले. हे गृहस्थ आय. सी. आय. या बलाढ्य रसायन कंपनीचे अध्यक्ष राहिलेले. गिऱ्हाइके कित्येक वर्षे रांगेत उभी आहेत, हाताने मोटारी ढकलल्या जात आहेत, हे पाहून ते चकित झाले. त्यांनी सल्ला दिला: उत्पादन वाढवा, किंमत वाढवा, कारखान्याची पद्धत बदला. हिशेबाच्या दृष्टीने सल्ला बरोबर होता. मॉर्गन बापलेकांनी तो जसाच्या तसा मानला नाही. पुढे त्यांनी हळूहळू सुधारणा केल्या, रांगही कमी केली. पण आपल्या बेताने. एवढ्याने ते संत ठरत नाहीत. मालक तो मालकच. २०१९ साली कंपनीचा मोठा हिस्सा एका इटालियन गुंतवणूक संस्थेकडे गेला. त्या वेळी जाहीर झालेल्या करारात एक गोष्ट होती, की काही भाग कामगारांनाही मिळावयाचा. ती वाचून आम्ही वर्तमानपत्र खाली ठेवले आणि बराच वेळ विचार करीत बसलो.

येथे आम्ही आमचे कारण सांगतो.

आमचे शालेय शिक्षण बेताचे. पुढचे सारे नगरवाचनालयात झाले. विसाव्या वर्षी आम्ही एका यंत्रे बनविणाऱ्या कारखान्यात लागलो आणि चार-पाच वर्षांत युनियनचे काम करू लागलो. तेथे एक वयस्क जोडारी होते. सारे त्यांना अण्णा म्हणत. लेथच्या बेडवर निळा रंग लावायचा, त्यावर सपाट ठोकळा फिरवायचा, जेथे रंग उमटेल तो उंचवटा स्क्रेपरने खरवडायचा, पुन्हा रंग लावायचा. असे दिवसेंदिवस करून ते पृष्ठभाग आरशासारखा आणीत. त्यांनी केलेला बेड आम्ही इतर शंभरांतून ओळखत असू. १९९० नंतरच्या त्या दशकात कंपनीने ते काम बाहेरच्या ग्राइंडिंग यंत्रांकडे दिले, अण्णांचे बाक मोडले आणि त्यांना एका यंत्रापुढे बटण दाबायला बसविले. पगार तोच, श्रेणी तीच, उलट काम हलके.

अण्णा युनियनच्या खोलीत आले. आम्ही विचारले, "अण्णा, पगार कमी केला का?"

"नाही."

"पाळी बदलली?"

"नाही रे. सकाळी गेटात शिरताना मी कोण म्हणून शिरतोय, तेच कळेनासं झालंय."

आम्ही हसलो. म्हणालो, "अण्णा, याचं कलम कुठाय? मागणीपत्रात काय लिहू?"

ते काही बोलले नाहीत. चहा घेतला आणि गेले. २००१ साली त्यांनी स्वेच्छानिवृत्ती पत्करली.

त्यानंतर आम्ही कितीतरी मागणीपत्रे लिहिली. पगार, महागाई भत्ता, बोनस, रजा, कँटीन, गणवेश, बूट. प्रत्येक मागणी रास्त होती आणि एकही मागे घ्यावी असे आज वाटत नाही. परंतु काम स्वतः कसे असावे, त्यात माणसाच्या अकलेला आणि हाताला कितपत जागा असावी, आपण केलेल्या वस्तूकडे पाहून ही माझी असे त्याला म्हणता यावे की नाही, याबद्दल एक ओळही आम्ही कधी लिहिली नाही. ती जागा आम्ही न मागता मालकाला देऊन टाकली.

आणि मग एके दिवशी वाचनालयात मॉल्व्हर्नच्या कारखान्याविषयी वाचनात आले. दूरदेशी माणसे मोठी रक्कम मोजतात, रांगेत थांबतात, कडक गाडीत बसून हाडे खिळखिळी करून घेतात, ती कशासाठी? तर ही वस्तू कोणा एका माणसाने मन लावून केली आहे, याची खूण तिच्यावर आहे म्हणून. जी गोष्ट अण्णा आमच्याकडे मागायला आले होते, तीच गोष्ट तेथे गिऱ्हाईक विकत घ्यायला येते. म्हणजे तिला किंमत आहे. ती म्हाताऱ्याची लहर नव्हती.

आम्ही असे म्हणत नाही, की सर्व मोटारी लाकडाच्या सांगाड्यावर हाताने घडवाव्यात. मग त्या आपल्याला कोणालाच मिळणार नाहीत, आणि एस. टी.ही धावणार नाही. दोन्ही मॉरिसांना एका गाडीत बसविण्याची युक्ती आमच्यापाशी नाही. पण पट्ट्यावरच्या माणसालाही एकाच नटापाशी जन्म काढावा लागू नये, त्याने आळीपाळीने पाच कामे शिकावीत, चार जणांच्या गटाने एक जुळणी पुरी करावी, दोष दिसला तर पट्टा थांबविण्याचा त्याला अधिकार असावा, एवढे तर मागता येते. जगातील काही मोठ्या कारखान्यांनी यातले थोडेफार करूनही पाहिले आहे. स्वीडनमध्ये व्होल्वोने काल्मार येथे १९७४ साली सरकता पट्टा बाजूस सारून गटांनी मोटार जुळविण्याचा कारखाना काढला होता. तो १९९४ साली बंद झाला. तरी त्या वीस वर्षांत मोटारी बनत होत्या आणि विकल्याही जात होत्या.

गेल्या खेपेच्या मागणीपत्रात आम्ही शेवटचे कलम म्हणून असे एक कलम घातले. वाटाघाटीच्या टेबलावर व्यवस्थापनाच्या साहेबांनी ते वाचले आणि विचारले, "याची किंमत किती धरायची?" आमच्यापाशी आकडा नव्हता. पगारवाढीवर तडजोड झाली आणि ते कलम गळाले. आमच्याच काही सभासदांना ते गेल्याचे कळलेसुद्धा नाही.

पुढचे मागणीपत्र दोन वर्षांनी द्यावयाचे आहे. ते कलम या वेळी आम्ही शेवटी घालणार नाही. आणि किंमत विचारली, तर निदान एक आकडा आता सांगता येईल: मॉल्व्हर्नला लोक त्यासाठी किती मोजतात तो.